जो पोहोचलाच नाही, त्याचा प्रश्न



आज पदवी घेतलेल्या तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावतील. कुणी नोकरीचा भाग म्हणून, कुणी हौसेनं, तर कुणी गिटहबवरचे हिरवे चौकोन वाढावेत म्हणून. हे शेवटचं कारणही मला चालतं. त्या प्रकल्पाच्या बैठकीत एक दिवस कुणीतरी विचारेल, 'लोकांना अडलं तर त्यांनी विचारायचं कुठे?' दोन-तीन नावं पुढे येतील, सगळ्यांच्या फोनवर आधीपासून असलेलं एक ठरेल आणि दहा मिनिटांत विषय संपेल. आज मला त्या दहा मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

उदाहरण घेतो कोलिब्रीचं. 2012 साली सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी खान अकॅडमीचे धडे इंटरनेटशिवाय चालवणारं 'केए लाइट' तयार केलं. त्यातूनच पुढे लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं कोलिब्री उभं राहिलं. रास्पबेरी पायसारख्या हातात मावणाऱ्या संगणकावर ते चालतं. धडे पेनड्राइव्हवरून येतात आणि वर्गातले टॅब्लेट त्याच खोलीतल्या वाय-फायवरून ते घेतात. बाहेरच्या जगाशी तार जोडलेली असण्याची गरज नाही. निर्वासितांच्या छावण्यांत ते चालतं, तुरुंगांत चालतं आणि त्याच्या पडद्यावरची भाषा मराठीही करता येते.

आता समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावर द्विशिक्षकी शाळा आहे आणि तिथल्या बाईंनी हे बसवलंय. सोमवारी सकाळी सर्व्हर सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, पण त्याची मदत कुठे मिळते? इंटरनेटवर. ज्यांच्यासाठी हे बनवलं, नेमक्या त्यांनाच मदतीच्या दारापर्यंत जायला रेंज शोधत टेकडी चढावी लागते. हा एकट्या कोलिब्रीचा दोष म्हणून सांगत नाही. ऑफलाइन चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वाट्याला ही कोंडी येते आणि ती बनवणाऱ्यांना बहुधा ठाऊकही असते. तरी बैठकीत ती दिसत नाही, कारण बैठकीला बसलेल्यांचं वाय-फाय चालू असतं.

यातला सगळ्यात फसवा भाग आहे सर्वेक्षण. मदतीची जागा एकदा उघडली की सहा महिन्यांनी आपण तिथेच विचारतो, 'ही जागा कशी वाटते?' बहुतेक लोक 'छान' म्हणतात. म्हणणारच! ज्यांचं पान उघडलं तेच उत्तर देतायत. ज्या बाईंचं पान अर्ध्यावर अडकलं, त्यांचं मत कुठल्या रकान्यात जाणार? संख्याशास्त्राच्या पेपरात नमुनानिवडीचा दोष तुम्ही सगळ्यांनी लिहिलाय, पाच मार्कांना. तो प्रत्यक्षात असा दिसतो: आलेख वर जातो, समाधानाचे आकडे चांगले येतात आणि ज्यांच्यासाठी काम सुरू केलं ते त्या आलेखात नसतातच.

अभियंते आहात, तर एक साधा हिशेब करून बघा. रेंज जेमतेम आहे आणि सेकंदाला 40 किलोबिट मिळतायत असं धरू. मदतीचं आधुनिक पान चित्रं आणि जावास्क्रिप्टसकट 3 मेगाबाइटचं असेल, तर ते उतरायला दहा मिनिटं लागतात, तीही मध्ये लाइन तुटली नाही तर. तोच प्रश्न साध्या मजकुराच्या पाच किलोबाइटच्या मेलमध्ये लिहिला, तर एका सेकंदात जातो. शिवाय लाइन उपग्रहावरची असेल, तर भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न जाऊन उत्तर परत यायलाच जवळपास अर्धा सेकंद खर्ची पडतो. पान उघडताना अशा पंचवीस-तीस फेऱ्या एकीमागून एक झाल्या तर काय होतं, ते सांगायला नको.

पण वेगापेक्षाही मोठा फरक धीराचा आहे. ब्राउझरला उत्तर मिळालं नाही की तो थोड्याच वेळात हात झटकतो आणि बाईंनी लिहिलेला प्रश्न पुसला जाण्याची शक्यता असते. मेलचा नियम वेगळा आहे. मेल पोहोचवण्याच्या प्रमाणित नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की समोरच्या यंत्राशी संपर्क झाला नाही, तर साधारण अर्ध्या तासाच्या अंतरानं पुन्हा प्रयत्न करावा आणि किमान चार-पाच दिवस आशा सोडू नये. ही नियमावली लिहिणाऱ्यांना लाइन तुटणं ही नेहमीची गोष्ट वाटत होती. आपल्याला ती चूक वाटते. सगळा फरक इथून सुरू होतो.

त्यांना ती नेहमीची का वाटत होती, हे आपल्याकडच्याच इतिहासात दिसतं. 1986 साली अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात आठ संस्था होत्या आणि त्यांतल्या दोन मुंबईतल्या: जुहूचं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि पवईची आयआयटी. 1987 मध्ये या दोघांमध्ये मेल सुरू झाली ती साध्या टेलिफोनवरून, नंबर फिरवून. यूयूसीपी नावाची पद्धत वापरली जायची. फोन लागला की साठलेली सगळी पत्रं एकदम पलीकडे टाकायची, पलीकडची उचलायची आणि फोन ठेवायचा. एसटीच्या टपावरून वर्तमानपत्रांचे गठ्ठे जातात तसं. गाडी येईल तेव्हा येईल, गठ्ठा बांधून तयार पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरची जगभरातली चर्चा त्या काळी मोठ्या प्रमाणावर याच वाटेनं फिरत होती. 25 ऑगस्ट 1991 ला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं 'मी एक छंद म्हणून कार्यप्रणाली लिहितोय' अशा अर्थाचा निरोप टाकला, तो याच परंपरेतल्या यूजनेटवर. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. त्यानंतरही कित्येक वर्षं इथल्या पोरांना लिनक्स मिळायचं ते मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. तुमच्या काही प्राध्यापकांच्या कपाटात ती सीडी अजून असेल, विचारून बघा.

हे सगळं जुन्याची महती गायला सांगत नाही. त्या लोकांकडे तुटकी लाइन होती, म्हणून त्यांनी तुटक्या लाइनसाठी लिहिलं. त्यांचा संयम हा अंगचा गुण नव्हता, फोनच्या बिलानं तो शिकवला होता. तुमच्याकडे ते बिल नाही, म्हणून तुम्हाला ठरवून लिहावं लागेल.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं, मेल ठेवू. इथे मी अडतो. पाड्यावरच्या त्या बाई मेल वापरत नाहीत. त्यांचा मेलचा पत्ता कधीतरी कुठल्यातरी शासकीय पोर्टलसाठी उघडलेला, आणि पासवर्ड बहुधा केंद्रप्रमुखांच्या वहीत. त्या व्हॉट्सअॅपवर आहेत, आणि व्हॉट्सअॅप या बाबतीत मुळीच वाईट नाही. रेंज नसेल तर तुमचा निरोप घड्याळाचं चिन्ह दाखवत थांबून राहतो आणि रेंज आली की आपोआप जातो. यूयूसीपीचाच नातू म्हणा. बोलून पाठवता येतं, पडद्याचा फोटो काढून पाठवता येतो. तो फोटो तिरका असतो, त्यात ट्यूबलाइट चमकत असते आणि नेमकी त्रुटीची ओळच वाचता येत नाही, हे सोडा.

व्हॉट्सअॅपचा त्रास नंतर सुरू होतो. बाईंना उत्तर मिळतं, सर्व्हर चालू होतो, आणि ते उत्तर शेकडो 'शुभ सकाळ'च्या खाली गाडलं जातं. पुढच्या महिन्यात गडचिरोलीतल्या एका गुरुजींना तीच अडचण येते. ते त्या गटात नाहीत, आणि शोधयंत्राला गटाच्या आतलं दिसत नाही. तोच प्रश्न पुन्हा, तेच उत्तर पुन्हा. उत्तर देणारा स्वयंसेवक चौथ्यांदा वैतागतो, सहाव्यांदा गट सोडतो. त्यात गटातल्या सगळ्यांना सगळ्यांचे फोन नंबर दिसतात. एकट्यादुकट्या शिक्षिकेनं अनोळखी माणसांसमोर नंबर उघडा करून प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा ठेवणं मला पटत नाही. शहरी प्रकल्पांचं आवडतं स्लॅकही याबाबत निर्दोष नाही. फुकटच्या योजनेत 90 दिवसांपूर्वीचं बोलणं दिसेनासं होतं. जी मदत तीन महिन्यांत विरते, तिच्यावर समुदाय कसा उभा राहणार?

प्रश्न येण्याची जागा आणि उत्तर राहण्याची जागा एकच असली पाहिजे, हे गृहीतकच मी मोडून बघेन. प्रश्न येऊ दे जिथून येईल तिथून, व्हॉट्सअॅपवरून, फोनवरून, तंत्रस्नेही शिक्षकाच्या तोंडून. मुक्काम मात्र अशा जागी हवा जिथून उत्तर उचलून नेता येईल. डिस्कोर्स ही चर्चापीठाची मुक्त प्रणाली घ्या. तिचं पान पातळ लाइनवर जड जातं ही तक्रार खरी आहे. पण संचालकानं सोय चालू ठेवली, तर प्रत्येक चर्चा मेलनं मिळते आणि मेलनंच उत्तर देता येतं. ही सोय बंद ठेवलेल्या किती जागा मी पाहिल्यात! लिनक्स कर्नेलच्या मंडळींनी तर आणखी पुढची गोष्ट केलीय. त्यांचा मेलचा जुना साठा गिटच्या भांडारातच ठेवलेला आहे. एकदा उतरवून घेतला की वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरं विमानात बसूनही शोधता येतात.

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी एका भारतीय विकसकानं लिहिलेलं 'अॅप्ट-ऑफलाइन' मला म्हणूनच फार आवडतं. इंटरनेट नसलेल्या यंत्रावर हव्या त्या सॉफ्टवेअरची यादी बनवायची, पेनड्राइव्हवरून ती इंटरनेट असलेल्या यंत्रावर न्यायची, तिथून सगळं उतरवून परत आणायचं. इतकं तर कुणीही केलं असतं. पण त्यात आणखी एक पर्याय आहे. सांगितलं तर ते त्या सॉफ्टवेअरबद्दल लोकांनी नोंदवलेले दोषही सोबत उतरवतं. म्हणजे तुमच्या पेनड्राइव्हवरून वस्तू येते, आणि तिच्यात काय बिघडतं हे आधी अनुभवलेल्या लोकांचं बोलणंही येतं.

हेच कोलिब्रीत आजही करता येण्यासारखं आहे. धडे जसे चॅनेल म्हणून जातात, तसं अडचणींचं एक चॅनेल बनवता येईल. कोलिब्री स्टुडिओत पीडीएफ आणि एचटीएमएलची पानं चढवता येतात, त्यासाठी नवं तंत्र शोधायला नको. दर तिमाहीत आलेले प्रश्न गोळा करायचे, मराठीत आणि जमलं तर पावरी-भिलीत उत्तरं लिहायची, आणि शाळेत जो पेनड्राइव्ह जाणारच आहे त्यावर ती घालायची. सर्व्हरच सुरू होत नसेल तेव्हा ही पानं कुठे वाचायची, असं मागच्या रांगेतून कुणाच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. म्हणून त्यातली पहिली दोन पानं छापून भिंतीवर लावायची. उत्तरं अशी बांधून पाठवण्याचं काम किविक्सही करतो. 2007 पासूनचा हा प्रकल्प विकिपीडिया तर ऑफलाइन देतोच, पण स्टॅक एक्स्चेंजची प्रश्नोत्तरंही एका फाइलमध्ये बांधून देतो. हे शक्य झालं कारण ती प्रश्नोत्तरं मुक्त परवान्याखाली लिहिलेली होती. परवाना आधी ठरला, गठ्ठा नंतर बांधता आला. बंद गटातल्या उत्तराला परवानाच नसतो.

जागा कुठलीही निवडा, तिचं निम्मं काम उत्तर देणाऱ्याच्या सवयीनं होतं. तेव्हा त्याबद्दल थोडं. 'हे बघा' म्हणून नुसता दुवा पाठवू नका, कारण तो दुवा उघडायला पुन्हा टेकडी चढायची आहे. आज्ञा मजकूर म्हणून लिहा, पडद्याचं चित्र चिकटवू नका. एका वेळी एकच गोष्ट विचारून उत्तराची वाट बघत बसू नका. 'हे करा, असं दिसलं तर पुढे हे करा, तसं दिसलं तर ते करा' अशी सगळी वाट एकाच निरोपात लिहा. समोरच्याची प्रत्येक फेरी महाग आहे. हे उत्तर लिहायला पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं लागतात, आणि ती तुमची जातात. प्रकल्पांनी हा वेळ कामात धरावा, असं माझं मत आहे. बहुतेक ठिकाणी तो धरत नाहीत. नवं वैशिष्ट्य लिहिणाऱ्याचं नाव प्रकाशनाच्या यादीत येतं, उत्तर लिहिणाऱ्याचं येत नाही. तुम्ही प्रकल्प चालवाल तेव्हा दोन्ही नावं छापा.

आणि शेवटी, प्रश्न आपोआप बंद करणारे ते बॉट. विचारणाऱ्याकडून सात किंवा चौदा दिवस हालचाल दिसली नाही की ते 'प्रतिसाद नाही' असा शिक्का मारून मोकळे होतात. यादी नीटनेटकी दिसते, देखभाल करणाऱ्याचा जीव हलका होतो, हे मला कळतं. पण पाड्यावरच्या बाई तुमचं उत्तर वाचतात ते आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी उतरल्यावर. सोमवारी शाळेत जाऊन ते करून बघतात, आणि जमलं की नाही हे सांगायला पुढच्या बाजारची वाट बघतात. त्यात एखादा बाजार पावसानं बुडाला की झाले एकवीस दिवस. तुम्ही ज्या प्रकल्पात जाल, तिथे ही मुदत किती ठेवलीय ते पहिल्याच आठवड्यात बघा, आणि साठ दिवसांपेक्षा कमी असेल तर ती वाढवायचा प्रस्ताव पाठवा. एका फाइलमधला एक आकडा बदलायचा आहे. तुमचं पहिलं योगदान म्हणून ते पुरेसं आहे.