कमरेची टेप आणि ईसीजीची पट्टी



 या परिषदेसाठी महाराष्ट्राच्या सर्व विभागांतून आणि गोव्यातून आलेले आपल्यापैकी बरेच शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक रात्रभर प्रवास करून आज पहाटे पुण्यात पोचले आहेत. वसतिगृहातल्या मुलांनी पाहुण्यांसाठी दोन दिवस आपल्या खोल्या मोकळ्या करून दिल्या, पहाटे चारपासून स्टेशनवर उभे राहून तुम्हाला इथवर आणले. त्यांचे आभार मी आधी मानतो, कारण शेवटी मानायचे म्हटले की ते घाईत उरकले जातात.

‘तरुण वयातील शरीरघटक आणि हृदयाचे विद्युतकार्य’ हा या परिषदेचा विषय. तो ठरवताना बैठकीत एक प्रश्न आला होता, की अठरा-वीस वर्षांच्या धडधाकट मुलांच्या ईसीजीत बघण्यासारखे असते काय? त्याचे उत्तर माझ्याकडे एका जुन्या आठवणीच्या रूपात आहे. पहिल्या वर्षाचे प्रॅक्टिकल चालू होते. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन मुलांचे ईसीजी काढले. एक सडपातळ, रोज पळायला जाणारा. त्याच्या छातीवरच्या लीडमध्ये लाटा एवढ्या उंच आल्या, की यंत्राने पट्टीवर ‘डावी जवनिका जाड असण्याची शक्यता’ असे छापून टाकले. मुलगा घाबरला, गावाहून वडील धावत आले. टूडी इको केला, हृदय अगदी निरोगी निघाले. दुसरा मुलगा अंगाने भरलेला, पोट सुटलेले. त्याच्या लाटा लहान, पट्टी ‘नॉर्मल’. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. त्याच्या कमरेला टेप लावावी, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. ज्याला काही झालेले नव्हते तो रात्रभर जागला आणि ज्याच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते तो निश्चिंत घरी गेला. ही चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

असे का होते, हे समजायला आइन्थोव्हेनपाशी जावे लागते. हॉलंडमधल्या लायडनला या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचा गॅल्व्हानोमीटर तयार केला. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून तो हृदयाची वीज टिपत असे. १९२४चे नोबेल त्याला याच कामासाठी मिळाले. पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्याचीच. दोन खांदे आणि पाय मिळून होणारा त्याचा समभुज त्रिकोण आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. त्या त्रिकोणाखाली एक गृहीतक दडलेले आहे, की धडातून वीज सगळीकडे सारखीच वाहते. शिकवायला ते सोयीचे आहे, पण खऱ्या शरीरात तसे नसते. रक्त आणि पाणी भरलेले स्नायू वीज सहज वाहून नेतात, चरबी तिला अडवते. हृदयाने जे म्हटले ते पट्टीवर उमटण्याआधी या सगळ्या थरांतून गाळून येते. छातीवर चरबीचा थर असला की इलेक्ट्रोड हृदयापासून लांब पडतो आणि लाट बुटकी होते. सडपातळ छातीवर तीच लाट उंच दिसते. सोकोलोव आणि ल्यॉन यांनी १९४९ साली घालून दिलेली ३५ मिलिमीटरची मर्यादा कित्येक निरोगी तरुण म्हणूनच ओलांडतात, आणि लठ्ठ माणसाची खरोखर जाड झालेली जवनिका तिच्याखाली लपून राहू शकते.

लाटेच्या उंचीपाशी ही गोष्ट संपत नाही. विद्यार्थ्यांनो, उद्या प्रयोगशाळेत एक करून बघा. तिसऱ्या लीडवर पट्टी चालू ठेवा आणि मित्राला खोल श्वास घेऊन रोखायला सांगा. लाटांचा आकार डोळ्यांदेखत बदलेल. श्वासपटल खाली गेले, हृदय जरा उभे झाले, अक्ष सरकला. पोटात चरबी साठली की याच्या उलट होते. श्वासपटल वर रेटले जाते, हृदय आडवे होते, अक्ष डावीकडे झुकतो. श्वास सोडला की पहिला बदल पुसला जातो, दुसरा पोट उतरेपर्यंत तसाच राहतो.

इथवर जे सांगितले ते चरबी चित्र कसे बदलते याबद्दल होते. ती हृदयाचा कारभारही बदलते. हृदयाच्या पृष्ठभागावरची चरबी स्नायूला अगदी खेटून असते, मध्ये कसलाही पडदा नसतो आणि रक्तपुरवठाही एकच. तिच्यातून झिरपणाऱ्या दाहकारक द्रव्यांनी अलिंदांतला वीजप्रवाह मंदावतो, पी लाट रुंदावते. फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातून २००४ साली दिसले, की बीएमआय एका अंकाने वाढला की अलिंदांच्या अनियमित थरथरीचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ही थरथर बहुधा उतारवयात येते, पण तिची जमीन विशीतच तयार होऊ लागते. उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही थरथर आधीच असलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवून टिकवले, त्यांच्यात या थरथरीपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट दिसली.

क्यूटी अंतराबद्दल मात्र मी आपणा सर्वांना सावधपणाची विनंती करीन. लठ्ठ तरुणांत नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी काही मिलिसेकंदांनी लांबलेले आढळते, असे निबंध या परिषदेतही वाचले जातील. ते ऐकताना नाडीचा वेग विचारा. चरबी वाढली की विश्रांतीतली नाडी बहुधा जलद होते, आणि जलद नाडीला बॅझेटचे १९२०चे वर्गमुळाचे दुरुस्ती-सूत्र क्यूटी फुगवून दाखवते. नाडी १०० आणि मोजलेले क्यूटी ३४० मिलिसेकंद धरा. बॅझेटने उत्तर येते सुमारे ४३९. त्याच वर्षी फ्रिडेरिशियाने दिलेल्या घनमुळाने येते सुमारे ४०३. एकाच पट्टीवर ३६ मिलिसेकंदांचा फरक सूत्राने पाडला! त्यातला चरबीचा वाटा किती आणि वर्गमुळाचा किती, हे वेगळे केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारीक होण्याच्या घाईबद्दलही बोलले पाहिजे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन उतरवण्याची लाट आली होती. तिच्यात पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यांतल्या ज्यांचे ईसीजी मिळाले, त्यांच्यात लांबलेले क्यूटी आणि जवनिकांची घातक अनियमितता दिसली. लग्नाच्या तारखेवर नजर ठेवून उपाशी राहणारी मुलेमुली आपल्या वर्गांत बसलेली असतात. त्यांना हा इतिहास शिक्षकाने सांगायला हवा.

ही परिषद पुण्यात भरते आहे, याचे मला विशेष समाधान आहे. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर आपल्या लोकांच्या शरीरघटकांचा अभ्यास केला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपला जोडीचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी सुरू केलेल्या पाहणीत आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची भरली. वजनात एवढी मागे असूनही पाठीवरच्या कातडीखालची चरबी आपल्या बाळांनी जवळजवळ राखलेली होती. ती बाळे आज तिशीच्या घरात आहेत. म्हणजे आपल्याकडे दिसायला बारीक असलेल्या तरुणाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. वजनकाटा ती सांगत नाही, आणि बीएमआय तर मुळात केटले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात लोकसमूहांसाठी मांडलेले गुणोत्तर आहे. तालमीतला मल्ल आणि दिवसभर खुर्चीवर बसणारा तरुण यांचा बीएमआय एकच निघेल. मल्लाची नाडी संथ आणि लाटा उंच, तर दुसऱ्याची नाडी जलद आणि श्वासाबरोबर होणारा तिचा चढउतार आटलेला, असे चित्र असू शकते. एकाच आकड्याखाली दोन निराळी हृदये!

म्हणून या व्यासपीठावरून मी एकच मागणे मागतो. ईसीजीच्या कागदावर आपण वय लिहितो, लिंग लिहितो. त्याखाली आणखी दोन रकाने छापून घ्या. पहिला कमरेच्या घेराचा, दुसरा कातडीच्या घडीच्या जाडीचा. टेप शिंप्याकडे मिळते तशी साधी चालेल, कॅलिपर बहुतेक विभागांत कपाटात पडून आहे. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा मानली जाते, ती भिंतीवर लावा. पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची, त्याच्या संमतीने आणि नाव गुप्त ठेवून, पट्टी आणि मापे घ्या. शेवटच्या वर्षी त्याच विद्यार्थ्याची पुन्हा घ्या. याला अनुदान लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, आणि चार-पाच वर्षांनी आपल्या मुलांचे आपले स्वतःचे आकडे आपल्या हातात असतील.

नोंदणीच्या टेबलावर या दोन रकान्यांचा नमुना कागद ठेवला आहे. परत जाताना आपल्या महाविद्यालयासाठी एक प्रत घेऊन जा, आणि येत्या सत्रातल्या पहिल्याच प्रॅक्टिकलला तो वापरा.