पदाचे नाव आणि कामाचे स्वरूप

(तळेगाव ढमढेरे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



येथून जवळच शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा कारखान्यांचा पट्टा आहे. तेथे ‘तात्पुरता’ या नावाखाली राबणारा कामगार आपल्याला परका नाही. त्याच्याकरिता निदान कायद्याने एक तत्त्व मान्य केले. कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारास वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने अनुचित प्रथा ठरविली. पदाला नाव मालक देतो. परंतु त्या पदाचा दर्जा प्रत्यक्ष कामावरून ठरला पाहिजे, हा त्यामागील विचार.

शासन स्वतः मालक असते तेव्हा हाच विचार कोठे जातो? अंगणवाडी सेविकेचे उदाहरण घ्या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गावातील एखादी स्त्री दिवसाचे काही तास समाजसेवा म्हणून देईल, या कल्पनेतून ती ‘मानसेवी’ ठरली आणि तिचा मोबदला ‘मानधन’. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बालकांचा व गरोदर मातांचा पोषण आहार हा हक्क झाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण पायाभूत टप्प्यात आणले. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वरील नोंदी आल्या. काम असे वाढत गेले. पदाचे नाव मात्र १९७५ चेच राहिले.

मग पदाची फेरवर्गवारी केव्हा व्हावी? येथे तीन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. काम तात्पुरते वाढले, तर भत्ता द्यावा. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्यासाठी शासनाने अर्जामागे पन्नास रुपये जाहीर केले, ते याच स्वरूपाचे. एखाद्या व्यक्तीची पात्रता वाढली, तर तिला बढती द्यावी. परंतु जबाबदारी कायमची बदलली, आणि उद्या दुसरी व्यक्ती आली तरी तिलाही तेच काम करावे लागणार असेल, तर पदाचाच दर्जा बदलला पाहिजे. सेविकेचे पद या तिसऱ्या कसोटीस पुरेपूर उतरते.

विरोधी बाजूही ऐकली पाहिजे. सेविका शासकीय पद धारण करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकच्या प्रकरणात म्हटले होते. पण त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. अन्नसुरक्षा कायद्याने त्यांच्यावर टाकलेली कर्तव्ये त्या वेळी न्यायालयाने विचारात घेतली. ‘मानधन’ या शब्दाआडचे वेतन न्यायालयास दिसले.

तिजोरीस भार पेलणार नाही, हा दुसरा आक्षेप. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी इतकेच म्हणेन की, पदाला हलके नाव दिल्याने खर्च नाहीसा होत नाही. वेतन आणि मानधन यांतील फरक कोणीतरी सोसतच असतो. येथे तो सेविकेचे कुटुंब सोसते. श्रीमंत म्हणविणाऱ्या राज्याला गावातील अल्प उत्पन्नाच्या घरांनी दिलेले हे अनुदानच होय. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका व मदतनिसांनी केलेला प्रदीर्घ संप या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. निवेदनात ‘न्याय द्या’ एवढेच लिहून थांबू नका. आपल्या गावच्या सेविकेसोबत बसा आणि एका महिन्याचे काम तारीखवार लिहून काढा : काम कोणते, किती तास लागले, आदेश कोणाचा, ते पुढच्या महिन्यातही करावे लागणार की नाही. नेमणुकीच्या वेळी सांगितलेले काम त्याशेजारी मांडा. असे शंभर गावांचे तक्ते हाती असले, तर ‘हे स्वेच्छेचे काम आहे’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यास आधी त्यांतील प्रत्येक ओळ खोडून दाखवावी लागेल.