पगाराचा त्याग आणि कामाचा हिशेब



आजचा विषय दिसायला लहान आहे. राज्याचा कारभार अडला, सभागृह ठप्प झाले किंवा तिजोरीत खडखडाट झाला, तर कायदे करणाऱ्या मंडळींनी आपला पगार सोडावा की नाही, एवढाच तो प्रश्न. मी तो भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत शेजारच्या मंडळींना विचारून पाहिला. उत्तर तयारच होते : "सोडावा की! त्यांना काय कमी आहे?" उभ्याने प्रवास करणाऱ्या चौघांचे या एका गोष्टीवर तत्काळ एकमत झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर कोणी बसावे, यावर मात्र झाले नाही!

या उत्तराला हसून चालणार नाही. त्यामागे एक सरळ न्यायबुद्धी आहे. आपल्या उत्तनच्या किनाऱ्यावर पाहा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होडी वाळूवर, आणि तिच्याबरोबर घरची मिळकतही वाळूवर. मिठागरावरच्या मजुराचे काम पहिल्या पावसाबरोबर संपते. काम नाही तर दाम नाही, हा नियम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांनी विचारावे की सभागृहाचे काम थांबले तर सभासदाचे दाम चालू का, तर त्यात गैर काय आहे? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की, आपण जे उत्तर चटकन देतो ते तपासून घ्यावे.

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो अमेरिकेत. तिकडचे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्या दिवसापर्यंत खर्चाला कायद्याने मंजुरी मिळाली नाही, तर मंजुरी नसलेली खाती बंद पडतात. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली अशी टाळेबंदी ३५ दिवस चालली आणि सुमारे ८ लाख नोकरांचा पगार अडला. २०२५ साली तर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस हा प्रकार चालला. काही नोकर घरी बसवले जातात. काहींना, उदाहरणार्थ विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना, पगाराविना कामावर यावे लागते. थकलेला पगार मागाहून मिळतो. २०१९ साली तसा कायदाच झाला. पण घरभाडे काही मागाहून भरता येत नाही.

आणि ज्यांनी मंजुरी द्यायची, त्या सभासदांचा पगार? तो चालूच राहतो. वर्षाला १,७४,००० डॉलरचा हा पगार तिथल्या राज्यघटनेनेच तिजोरीवर बांधून दिला आहे. शिवाय घटनेची २७ वी दुरुस्ती सांगते की, सभासदांच्या वेतनात फेरबदल करणारा कायदा मधली निवडणूक झाल्यावाचून अमलात येणार नाही. ही दुरुस्ती १७८९ साली मांडली गेली आणि मंजूर झाली १९९२ साली! तेव्हा मनात आले म्हणून स्वतःचा पगार तडकाफडकी वाढवता येत नाही, तसा तोडताही येत नाही. म्हणून प्रत्येक टाळेबंदीत काही सभासद आपला पगार धर्मादाय संस्थेला देतात, तर काही जण कार्यालयाला पत्र लिहून तो रोखून ठेवायला सांगतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ च्या निवडणुकीत याच सभागृहावर निवडून गेले, म्हणजे हा प्रश्न मराठी माणसाला अगदीच परका राहिलेला नाही.

आता विचार करा. ज्या सभासदाच्या घरी पिढीजात संपत्ती आहे, त्याने महिन्याचा पगार सोडला तर त्याचे काय बिघडते? वर्तमानपत्रात नाव मात्र येते. पण जो सभासद शिक्षक होता, परिचारिका होती, जो भाड्याच्या घरात राहतो, त्याला मुलांची फी भरायची आहे. त्याने पगार सोडला नाही तर तो स्वार्थी ठरतो. म्हणजे ज्या त्यागाने श्रीमंताला तोशीस लागत नाही, त्याच त्यागाने गरीब प्रतिनिधीची अब्रू पणाला लागते. आणि यात टाळेबंदी एक दिवसही आधी उठते असे नाही.

मुळात लोकप्रतिनिधीला पगार का द्यायचा, हेच आपण विसरत चाललो आहोत. १८३८ साली इंग्लंडातल्या कामकऱ्यांनी आपली प्रसिद्ध सनद काढली. तिच्यातल्या ६ मागण्यांत एक मागणी अशी होती की, पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे. कामकऱ्यांनी ही मागणी का करावी? कारण वेतन नसेल तर पार्लमेंटात जमीनदारच बसणार, हे ते ओळखून होते. ही मागणी पुरी व्हायला १९११ साल उजाडले. त्या वर्षी सभासदांना सालीना ४०० पौंड मिळू लागले. तेव्हा पगार ही सभासदावरची मेहेरबानी नव्हे. तुमच्या-आमच्यातला माणूस सभागृहात बसू शकावा म्हणून आपण भरलेले ते भाडे आहे.

आपल्याकडे अमेरिकेसारखी टाळेबंदी होत नाही. अंदाजपत्रक वेळेत पुरे झाले नाही तर लेखानुदान मंजूर करून घेण्याची सोय घटनेत आहे. सभागृहाने खर्चच नाकारला तर मंत्रिमंडळाला जावे लागते. कारभार थांबत नाही. २०१६ साली उत्तराखंडात विनियोजन विधेयकावरून पेच पडला आणि राष्ट्रपती राजवट आली, तेव्हा केंद्राने वटहुकूम काढून त्या राज्याच्या खर्चाची तजवीज केली. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न दोन वेगळ्या रूपांनी येतो : सभागृह चालत नाही तेव्हा, आणि तिजोरी आटते तेव्हा.

पहिल्याचे उदाहरण २०१८ चे. त्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा भाग, ५ मार्च ते ६ एप्रिल, गोंधळात वाहून गेला. तेव्हा सत्ताधारी आघाडीचे खासदार वाया गेलेल्या २३ दिवसांचे वेतन-भत्ते घेणार नाहीत, असे जाहीर झाले. घोषणा चांगली होती. पण त्याच बाजूचे खासदार सुब्रमण्यम स्वामी यांनी विचारले की, मी रोज सभागृहात हजर होतो. सभागृह चालले नाही यात माझा काय दोष? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले माझ्या तरी वाचनात नाही. गोंधळ घालणारा, गोंधळ होऊ देणारा आणि कागदपत्रे वाचून मुकाट बसलेला, या तिघांना एकाच मापाने मोजले, तर तिसऱ्याने पुढच्या अधिवेशनात अभ्यास करून का यावे?

दुसऱ्याचे उदाहरण २०२० चे. करोनाच्या साथीत ३१ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने जाहीर केले की, मार्चच्या पगारातून मुख्यमंत्र्यांसह सर्व लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाच्या अधिकाऱ्यांचे ५० टक्के आणि क वर्गाचे २५ टक्के वेतन मागे ठेवले जाईल. ड वर्गाच्या शिपायाचे काहीच नाही. ही कपात नसून पगार दोन टप्प्यांत दिला जाईल, असा खुलासा पुढे झाला. तरी त्या आदेशातली पायऱ्यांची रचना मला फार मोलाची वाटते. वरच्याने आधी आणि जास्त सोसायचे, खालच्याने शेवटी आणि कमी. त्यात कोणाच्या दानशूरपणाचा प्रश्न नव्हता; सर्वांना सारखा नियम होता. त्यानंतर एप्रिलमध्ये आमदारांचे आणि खासदारांचेही वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी कमी झाले.

आता थोडा हिशेब करू. खासदाराचे वेतन तेव्हा महिन्याला १ लाख होते. दोन्ही सभागृहांच्या मिळून ७८८ जागा सगळ्या भरलेल्या धरल्या, तरी ३० टक्के कपातीने वर्षात वाचतात सुमारे २८ कोटी रुपये. त्याच वेळी खासदारांचा स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी थांबवला गेला. ती रक्कम होती ७,९०० कोटी. चर्चा मात्र पगाराचीच अधिक झाली! कुठल्या शाळेची खोली आणि कुठल्या गावचा नळ त्या दोन वर्षांत राहून गेला, हे कोणी विचारले? मोठ्या निर्णयावर लहान त्यागाचा पडदा कसा पडतो, ते इथे दिसते.

याचा अर्थ त्याग खोटा असतो, असे मी म्हणत नाही. ज्या महाराष्ट्रात डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, तिथे उभे राहून तसे म्हणवणारही नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस-वीस वर्षे शिकवीत राहिले. पण त्या त्यागाचे स्वरूप पाहा. तो आधी ठरलेला होता, सर्वांना सारखा होता आणि कामाशी बांधलेला होता. इतका काटेकोर की, बाहेरची मिळकत आणि बक्षिसाचा पैसा सदस्याने घ्यावा की नाही यावरून कडाक्याचा वाद झाला, आणि १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. आगरकर-गोखल्यांच्या बाजूलाही संसाराची खरी अडचण होतीच. दोन्ही बाजूंना मान देऊन मी एवढेच म्हणतो की, त्या मंडळींनी काम चालू ठेवण्यासाठी पगार कमी घेतला. काम बंद पडल्याचे प्रायश्चित्त म्हणून महिनाभर पगार सोडणे ही निराळी गोष्ट आहे.

आता आपल्या गावाकडे येतो. कारण या विषयातला सर्वांत बोलका दाखला आपल्याच अंगणात घडला आहे. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या ९५ जागांची निवडणूक २०१७ च्या ऑगस्टात झाली. त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या ऑगस्टात संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ साडेतीन वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. नगरसेवक नव्हते, म्हणून मानधनही नव्हते. म्हणजे पाहा, तीस टक्के नव्हे, साठ टक्के नव्हे, शंभर टक्के पगारत्याग आपल्या गावात आपोआप झाला!

त्यातून वाचले किती? २०१७ साली शासनाने लहान महानगरपालिकांच्या नगरसेवकांना महिना १०,००० रुपये मानधन ठरवले. ९५ जणांचे झाले साडेनऊ लाख. २०११ च्या शिरगणतीत आपली लोकसंख्या ८,०९,३७८ होती. तेव्हा माणशी महिना सव्वा रुपयाहूनही कमी. साडेतीन वर्षांची बेरीज केली तर जेमतेम चार कोटी.

आणि गेले काय? अंदाजपत्रक ज्याने मांडायचे त्यानेच ते मंजूर करायचे, अशी वर्षे गेली. यात त्या अधिकाऱ्यांचा दोष नाही. कायद्यानेच त्यांना दोन्ही खुर्च्या दिल्या होत्या. पण गटार तुंबले, पाणी दोन दिवस आले नाही, तर रात्री ज्याच्या दाराची कडी वाजवावी असा, मतांसाठी आपल्याकडे पुन्हा येणारा माणूस त्या काळात अधिकारावर नव्हता. सव्वा रुपया वाचला आणि जाब विचारण्याचे दार बंद झाले. सभासदांवाचूनचे सभागृह हे सर्वांत स्वस्त सभागृह असते, आणि नागरिकाला तेच सर्वांत महाग पडते.

मग आपण मागावे काय? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, आपला पगार आपणच ठरवून लगेच खिशात घालण्याची सोय बंद व्हावी. २०१६ च्या ऑगस्टात आपल्या विधिमंडळाने आमदारांचे वेतन वाढवले आणि माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४०,००० वरून ५०,००० केले. वाढ योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. पण तशी वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू झाली, तर मतदारालाही त्यावर बोलता येईल. अमेरिकेकडून उचलायचा तर पगारत्याग उचलू नये, हा नियम उचलावा. दुसरी, संकटात सोसायचा क्रम आधीच लिहून ठेवावा : वरून खाली, आणि सफाई कामगार सर्वांत शेवटी. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. सभागृह भरू लागले की, नगरसेवकाला तुम्ही मानधन सोडले का, असे विचारू नका. महासभेला किती वेळा हजर होता, अंदाजपत्रकावर काय बोललात, आमच्या प्रभागाचा कोणता प्रश्न मांडलात, हे विचारा. सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. तो अर्ज १० रुपयांत होतो.

पगार परत करणाऱ्या प्रतिनिधीला आपण टाळ्या देतो, आणि तो निश्चिंत मनाने घरी जातो. पगार घेऊन काम करणाऱ्याला आपण हिशेब मागतो, आणि तो पुढच्या सभेला तयारीने येतो. या दोघांत आपल्या गावाला कोण हवा आहे, हे घरी जाताना ज्याने-त्याने ठरवावे.