कळफलकाची वरची ओळ



संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत एफ-१ ते एफ-१२ अशा बारा कळा असतात. आपली पुष्कळ मुले त्यांना हात लावण्यास कचरतात. काही बिघडेल, अशी धास्ती वाटते. ती घालवावी, एवढाच या चार शब्दांचा हेतू आहे.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक आणला, तेव्हा अशा कळा दहाच होत्या व त्या डाव्या बाजूस होत्या. पुढे त्या बारा झाल्या व वरच्या ओळीत गेल्या. अक्षराची कळ दाबली की अक्षर उमटते; या कळांना मात्र स्वतःचा असा कायमचा अर्थ नाही. समोर जी प्रणाली चालू असेल, ती देईल तो अर्थ! डॉसवरील वर्डपरफेक्टमध्ये एफ-७ दाबून बाहेर पडत; आजच्या वर्डमध्ये तीच कळ शुद्धलेखन तपासते. तेव्हा नुसते पाठांतर कामाचे नाही, समज हवी.

तरी विंडोजवर काही अर्थ रूढ झाले आहेत. एफ-१ ने बहुधा मदत मिळते. एफ-२ ने निवडलेल्या फाईलचे नाव बदलता येते. एक्सेलमध्ये तीच कळ दाबली, तर घरातील मजकूर पुसून न टाकता दुरुस्त करता येतो. एक्सेलचे सूत्र लिहिताना एफ-४ ने डॉलरचे चिन्ह लागते व संदर्भ पक्का होतो. एफ-११ ने ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो, पुन्हा दाबल्यास पूर्ववत होतो. वर्डमध्ये एफ-१२ ने फाईल नव्या नावाने जतन करता येते.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. ऑल्टसह एफ-४ दाबल्यास समोरची खिडकी बंद होते. आणि ब्राउझरमध्ये एफ-५ ने पान नव्याने येते. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरलेला असताना ती दाबली, तर भरलेली माहिती जाऊ शकते. शुल्क भरताना तर ती मुळीच दाबू नये. तोच व्यवहार पुन्हा पाठवला जाण्याचा संभव असतो.

लॅपटॉपवर याच कळांकडे आवाज व प्रकाश कमीजास्त करण्याचे काम असते. तेथे एफएन ही कळ सोबत दाबून पाहावी.

पालकांना एकच विनंती. अर्ज भरण्यासाठी मुलामुलींना दुकानात दुसऱ्याच्या शेजारी नुसते उभे करू नका. त्यांना स्वतः कळफलकापुढे बसू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, कोऱ्या फाईलवर एकेक कळ दाबून पाहा, काय घडते ते वहीत टिपून ठेवा. ज्याला आपला अर्ज आपल्या हाताने भरता येतो, त्याला कोणाच्या दाराशी ताटकळावे लागत नाही.