टायरचं वय बघितलंत का?

आज आम्ही आमच्या बचत गटाच्या व्हॅनची गोष्ट सांगणार आहोत. पापड-मसाले प्रदर्शनाला न्यायला ती आम्ही जुनीच घेतली. महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडते, एरवी शाळेमागे उन्हात उभी. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तरी तीच.

"गाडी फिरतच नाही, मग टायर झिजतील कसे?" असं आम्ही म्हणायचो. नक्षीही चांगली खोल होती. मागच्या वैशाखात प्रदर्शनाहून परत येताना भर दुपारी मागचा टायर फुटला. आत आम्ही सहाजणी होतो. चालवणाऱ्या वहिनींनी करकचून ब्रेक दाबला नाही, स्टीअरिंग घट्ट धरलं आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

स्टेपनी लावून पंक्चरच्या दुकानात गेलो. तिथल्या दादांनी फुटलेल्या टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, 3414. म्हणजे 2014 सालच्या 34 व्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षं होत आली होती. दादा म्हणाले, "काकू, हा झिजून नाही, म्हातारा होऊन फुटला." मग त्यांनी स्टेपनी बघितली. तीही 2014 चीच!

रबर ऊन, उष्णता आणि हवेनं कडक होत जातं. गाडी फिरो न फिरो, वय थांबत नाही. उलट एकाच जागी उभ्या गाडीचा सगळा भार टायरच्या त्याच भागावर पडतो, हवाही हळूहळू कमी होते. कमी हवा, जास्त ओझं आणि तापलेला रस्ता एकत्र आले, की जुना टायर दगा देतो.

गावी आल्यावर बैठक बसली. खजिनदार ताई म्हणाल्या, "स्टेपनी तर जमिनीला लागलीही नव्हती, तिच्यावर खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता, पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. पण ज्या रात्री बाळंतीण गाडीत असेल, त्याच रात्री स्टेपनीची गरज पडली तर? या प्रश्नावर कुणी बोललं नाही. मागचे दोन टायर आणि स्टेपनी बदलायचं ठरलं. पुढचे दोन 2018 चे होते, भेगा नव्हत्या. ते ठेवले, पण दर वर्षी तपासून घ्यायचे असं वहीत लिहिलं.

तुम्ही कसं ठरवाल? आधी चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे वाचा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत, तर आतल्या बाजूला असतात. टायर कंपन्या साधारण असं सांगतात, की 5 वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि 10 वर्षं झाली की चांगला दिसला तरी बदला. काही गाड्यांच्या कंपन्या 6 वर्षांनीच बदला म्हणतात, म्हणून गाडीचं पुस्तक बघा. वय कमी असलं तरी कडेला भेगा, फुगवटा किंवा आतली तार दिसली, तर थांबू नका. नक्षीच्या खाचांत रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. काळं पॉलिश मारल्यानं टायर तरुण होत नाही.

नवा घेतानाही आकडे वाचूनच पैसे द्या. दुकानात पडून राहिलेला टायरही म्हातारा होतोच. दोनच घ्यायचे असतील तर जोडीनं घ्या आणि मागे लावा. मागची चाकं ओल्या रस्त्यावर घसरली, तर गाडी आवरत नाही.

आता आम्ही व्हॅन सावलीत लावतो, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी गाडी थंड असताना हवा तपासतो आणि एक फेरी मारून आणतो. दर महिन्याच्या हिशोबात टायरसाठी थोडे पैसे वेगळे टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी वाद नको.

आज घरी गेल्यावर बॅटरी घ्या आणि दारातल्या गाडीचे आकडे वाचा. घरातली स्कूटी असली तरी वाचा.