फुटून निघण्याचा हक्क कोणाचा?



या व्यासपीठावर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाने अमेरिकेतील यादवी युद्धाच्या भानगडीत का पडावे, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे कारण पुस्तकात नसून आमच्याच संघटनेत आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कायम आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्राशी उभे राहून काम करीत. काम तेच, घाम तोच, पगारात मात्र तिपटीचे अंतर. संघटनेच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला की कंत्राटी कामगारांनाही सभासद करून घ्यावे. तेव्हा एका खात्यातील कायम कामगार उठून म्हणाले, "आम्ही संघटनेत आपखुशीने आलो, आपखुशीने जाऊ. आमचे सगळे खाते फुटून निघणार. तो आमचा हक्क आहे." आम्ही निरुत्तर झालो. ज्याने जन्मभर संघटना करण्याचा हक्क मागितला, त्याने ती सोडण्याचा हक्क कोणत्या तोंडाने नाकारावा? सभा संपल्यावर त्याच खात्यातील एक वयस्क कंत्राटी कामगार जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, ते जातील तर जाऊ द्यात. पण ते सगळ्या खात्याचं नाव घेतात. त्या खात्यात आम्ही वीसजण आहोत. आम्हांला कुणी विचारलं?"

हा प्रश्न घेऊन आम्ही वाचनालयात गेलो, आणि अमेरिकेपर्यंत पोहोचलो.

प्रथम घटना सांगतो. 6 नोव्हेंबर 1860 रोजी अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या पक्षाचे म्हणणे एवढेच होते की, जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावणार नाही. मात्र पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत तिचा प्रसार होऊ देणार नाही. एवढेही दक्षिणेला सोसवले नाही. 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले. लिंकन यांनी 4 मार्च 1861 रोजी शपथ घेतली तोवर सात राज्ये बाहेर पडली होती आणि त्यांनी स्वतःचे वेगळे सरकारही थाटले होते. 12 एप्रिलला त्यांच्या तोफा सम्टरच्या किल्ल्यावर धडाडल्या, लिंकन यांनी 75,000 स्वयंसैनिक मागवले, आणि आणखी चार राज्ये फुटली. मग चार वर्षे भाऊ भावावर तुटून पडला. सहा लाखांहून अधिक माणसे गेली. अलीकडचे अभ्यासक तर हा आकडा सात लाखांच्या आसपास नेतात.

हे का घडले? येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या अभ्यासवर्गांत आम्ही पुष्कळ वर्षे असे सांगत आलो की, हे युद्ध मुळात जकातीचे होते. उत्तरेच्या कारखानदारांना परदेशी मालावर भारी जकात हवी होती, दक्षिणेच्या मळेवाल्यांना खुला व्यापार हवा होता, आणि गुलामांचा प्रश्न ही वरवरची रंगरंगोटी होती. कामगार कार्यकर्त्याला असे उत्तर गोड लागते. ज्यात पैशाचा वास येतो ते खरे, असे आम्ही समजत होतो. पण ते चूक होते, आणि चूक कळल्यावर ती ज्या तोंडाने सांगितली त्याच तोंडाने दुरुस्त केली पाहिजे.

जकातीचे भांडण झाले होते, हे खरे. 1832 मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीचा कायदा आपल्या हद्दीत रद्द ठरवला होता. परंतु त्या वेळी दुसरे एकही राज्य तिच्या बाजूने उभे राहिले नाही, आणि तडजोड झाली. 1857 मध्ये तर जकात चांगलीच उतरली. पुढे ती वाढवणारा कायदा मंजूर झाला तो मार्च 1861 मध्ये, म्हणजे सात राज्ये निघून गेल्यानंतर! जी गोष्ट नंतर घडली ती आधीच्या गोष्टीचे कारण कशी होईल?

आणि मुख्य म्हणजे, फुटणाऱ्यांनी आपली कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात जकातीचे नावही नाही. पळालेले गुलाम उत्तरेची राज्ये परत करीत नाहीत, ही त्यातली मुख्य तक्रार आहे. मिसिसिपीने तर आपली बाजू गुलामगिरीशी एकजीव आहे असे उघड सांगितले. दक्षिणेच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी 21 मार्च 1861 रोजी सव्हाना येथील भाषणात स्पष्ट केले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या तत्त्वावरच आमच्या राज्याची कोनशिला बसवली आहे. आरोपी स्वतः कबुलीजबाब देत असताना वकिलाने त्याच्यासाठी दुसरे कारण शोधावे कशाला?

कोणी म्हणतील की भांडण राज्यांच्या हक्कांचे होते. बरे, मग पाहा. 1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडून देण्याची सक्ती उत्तरेच्या राज्यांवर आणि तेथील नागरिकांवर झाली. उत्तरेच्या काही राज्यांनी आपल्या हक्कात राहून त्याविरुद्ध कायदे केले. त्यावर दक्षिणेने काय म्हटले? मध्यवर्ती सरकारने त्या राज्यांना वठणीवर आणावे! म्हणजे गुलाम राखायचा असेल तेव्हा राज्याचा हक्क, आणि गुलाम पकडायचा असेल तेव्हा मध्यवर्ती सत्तेचा बडगा. तत्त्व बदलत होते, मालमत्ता बदलत नव्हती.

आता ती मालमत्ता केवढी होती ते पाहा. 1860 च्या शिरगणतीत सुमारे 39 लाख 50 हजार माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. बाजारभावाने त्यांची किंमत देशातील सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा अधिक होती. अमेरिकेच्या निर्यातीचा निम्म्याहून मोठा भाग एकट्या कापसाचा होता, आणि तो कापूस हे गुलाम पिकवीत. तेव्हा अर्थकारण शोधण्यात आमची चूक नव्हती. आम्ही ते चुकीच्या ठिकाणी शोधले. ते जकातीच्या नाक्यावर नव्हते, ते माणसांच्या लिलावाच्या ओट्यावर होते.

उत्तर धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट 1862 मध्येही लिंकन जाहीर लिहीत होते की, आपले मुख्य ध्येय संघराज्य वाचवणे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधले तर तसे करू. दक्षिण गुलामगिरीसाठी फुटली, उत्तर मात्र प्रथम एकीसाठी लढली. ही दोन कारणे वेगळी ठेवली पाहिजेत. युद्ध लांबले, मळ्यांतून गुलाम पळून फौजेच्या छावणीत येऊ लागले, आणि त्यांनीच युद्धाचा अर्थ बदलला. 1 जानेवारी 1863 ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला. पुढे सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले. डिसेंबर 1865 मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली.

आणि आमच्या वर्गाची लाजही झाकून ठेवू नये. जुलै 1863 मध्ये न्यूयॉर्कला सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगा उसळला. तीनशे डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सूट होती. तेव्हा गरिबांचा राग खरा होता. परंतु तो राग निघाला कोणावर? निरपराध काळ्या माणसांवर. कामगारांनी कामगारांना फासावर लटकवले. तिकडे दक्षिणेत वीस किंवा अधिक गुलामांच्या मळ्यावर एका गोऱ्याला लष्करातून सूट होती. दोन्हीकडे युद्ध धनिकांचे आणि मरण गरिबाचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राज्यांना फुटण्याचा हक्क होता का? 1787 ची घटना याबाबत गप्प आहे. दक्षिणेचा युक्तिवाद असा, की राज्ये आपखुशीने एकत्र आली, करार मोडला की प्रत्येकाला वाट मोकळी. उत्तरेचे म्हणणे असे, की घटना राज्यांनी नव्हे, लोकांनी केली. एकट्या राज्याला ती मोडता येत नाही. 1869 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, संघराज्य अभंग आहे. क्रांतीने किंवा इतर राज्यांच्या संमतीनेच बाहेर पडता येईल. हा निकाल युद्ध जिंकल्यानंतरचा आहे, हे आम्ही विसरत नाही. तेव्हा कायद्याचा काथ्याकूट बाजूला ठेवू. कायद्यापलीकडे जुलमाविरुद्ध उठण्याचा एक हक्क माणसाला आहेच. अमेरिका स्वतः 1776 मध्ये त्याच हक्काने इंग्लंडपासून तुटली.

परंतु तो हक्क सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेच लागतात. पहिला: तुमच्यावर जुलूम कोणता झाला? दक्षिणेवर झालेला जुलूम म्हणजे एक निवडणूक हरणे. दुसरा प्रश्न त्या वयस्क कामगाराचा: आम्हांला कोणी विचारले? साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. टेक्सस, व्हर्जिनिया आणि टेनेसी येथे लोकमत घेतले, पण मत गोऱ्या पुरुषांचे. ज्यांच्या मानेचा प्रश्न होता त्यांना मत नव्हते. जेथे निम्मे लोक मालमत्तेच्या वहीत लिहिलेले आहेत, तेथे 'आम्ही लोक' हे शब्द कोण उच्चारतो?

गंमत अशी की, फुटणाऱ्यांनी हा हक्क स्वतःच्या घरातही मानला नाही. व्हर्जिनियाच्या पश्चिम डोंगराळ भागातील लोकांना फुटायचे नव्हते. ते व्हर्जिनियातून वेगळे झाले आणि 1863 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य बनले. ते दक्षिणेने मुळीच मानले नाही. आणि दक्षिणेच्या नव्या घटनेत गुलामांवरील मालकीला धक्का लावणारा कायदा करण्याची मनाई होती. पण राज्यांना फुटून निघण्याचा हक्क कोठे लिहिलेला नव्हता!

या दूरच्या युद्धाचा आपल्याशी संबंध काय? अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईचे सोने झाले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस लँकेशायरकडे निघाला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेवाल्यांचा बोलबाला झाला. आणि 1865 मध्ये शांतता होताच तो डोलारा कोसळला. म्हणजे मुंबईच्या बाजाराला तह नको होता! उलट लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून लाखो कामगार उपाशी होते. सगळेच एका मताचे नव्हते. तरी 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या सभेत जमलेल्या कामगारांनी लिंकन यांना पत्र धाडून गुलाममुक्तीला पाठिंबा दिला, आणि 19 जानेवारीला लिंकन यांनी त्यांना कृतज्ञतेचे उत्तर पाठवले. आपल्या चुलीत विस्तव नसताना दुसऱ्याच्या पायातील बेडी दिसणे, याला आम्ही संघटना म्हणतो. आणि आपल्याकडे ज्यांना ती बेडी दिसली ते जोतीराव फुले. 1873 मध्ये त्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले.

डॉ. आंबेडकरांनीही 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना परिषदेत याच युद्धाचा दाखला दिला. अमेरिकनांना जे यादवी लढून ठरवावे लागले ते आपण आरंभीच स्पष्ट करावे, म्हणून भारत हा 'युनियन' आहे आणि घटक राज्याला फुटण्याचा हक्क नाही, असे त्यांनी सांगितले. संयुक्त महाराष्ट्राचा लढाही याच चौकटीत राहून झाला. हुतात्म्यांनी रक्त सांडले ते भारतात राहून आपले राज्य मिळावे म्हणून.

तर मग फुटणे नेहमीच पाप का? नाही. 1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. लोकमतात साडेतीन लाखांहून अधिक मते वेगळे होण्याच्या बाजूने, आणि विरुद्ध केवळ 184. स्त्रियांना मत नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतः हिंडून दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या: आम्हांलाही विचारा! पुढे वाटाघाटी झाल्या आणि गोळी न झाडता दोन घरे वेगळी झाली. 1998 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकविषयी सांगितले ते शहाणपणाचे आहे: प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या देशाला बोलणी नाकारता येणार नाहीत. मात्र त्या बोलण्यांत अल्पसंख्याकांचे हक्कही मोजावे लागतील.

शेवटी आमच्या खात्याची हकीकत सांगून रजा घेतो. त्या कायम कामगारांना आम्ही अडवले नाही. सभासदत्वाचा राजीनामा देणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे सांगून त्यांचे राजीनामे घेतले. पण 'सगळे खाते गेले' हे शब्द इतिवृत्तात लिहू दिले नाहीत. ज्यांनी सही केली ते गेले, असे लिहिले. त्याच सभेत त्या वीसजणांच्या वर्गणीच्या पावत्या फाडल्या. संघटना लहान झाली, वाटाघाटीतले आमचे वजन घटले, आणि त्या वर्षी करार पडता झाला. ती किंमत आम्ही मोजली, आणि तिच्याबद्दल आम्हांला शिव्याही खाव्या लागल्या.

तरी आजही आम्हांला वाटते की ते इतिवृत्त बरोबर होते. माणसाला घर सोडून जाता येते. जाताना दुसऱ्या माणसाला सामानात बांधून नेता येत नाही. तेव्हा, श्रोतेहो, कोणी फुटून निघण्याचा हक्क सांगू लागला की त्याच्या झेंड्याकडे पाहण्याआधी त्याच्या मागे कोण गप्प उभा आहे ते पाहावे, आणि त्याला विचारावे, "बाबा, तुझे मत काय?"