आरएल निंगला का जी?

नागपूरच्या बाहेरच्या माणसाला मी पत्ता सांगतो, तेव्हा त्यातल्या एका शब्दावर तो हमखास अडतो. तो शब्द म्हणजे ‘ले-आउट’. पुण्या-मुंबईच्या मंडळींना तो छापखान्यातला शब्द वाटतो. आमच्याकडे ते वस्तीचं नाव आहे. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, पांडे ले-आउट. शेताचा नकाशा काढायचा, त्यावर रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे, चुन्याच्या रेषा मारून कोपऱ्यांवर दगड रोवायचे, की झाला ले-आउट. पुढं तिथं घरं होतात, लग्नं होतात, नातवंडं खेळू लागतात. पण वस्तीचं नाव मात्र कागदाचंच राहतं. माझा शब्दांशी रोजचा संबंध, म्हणून मला याची मौज वाटते.

या शहरात दोन प्रकारचे ले-आउट आहेत. एक मंजूर. 1936च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. जुने लोक अजून त्याला ‘ट्रस्ट’ म्हणतात. ट्रस्टनं मान्य केलेला नकाशा असला की तो मंजूर ले-आउट. दुसरे, कुणालाही न विचारता पडलेले. त्यांची संख्याच त्यांची ओळख होऊन बसली. ‘572 ले-आउट’ आणि ‘1900 ले-आउट’ हे शब्द नागपूरकराला पिन कोडसारखे पाठ आहेत. परगावच्या पाहुण्याला वाटतं, आपण कुठल्या कैद्यांचे नंबर सांगतो आहोत. आम्ही या दुसऱ्या प्रकारातले.

माझे वडील गिरणीत होते. मोमिनपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहायचो. 1984 साली त्यांनी उमरेड रोडच्या बाजूला, ताजबागच्याही पलीकडे, बाराशे फुटांचा प्लॉट घेतला. एका गृहनिर्माण संस्थेनं शेत घेऊन प्लॉट पाडले होते. हप्ता महिना शंभर रुपये. प्रत्येक हप्त्याला गुलाबी पावती मिळायची. सोबत नकाशाची एक प्रत होती. तिला अमोनियाचा वास यायचा आणि तिच्यावरच्या निळ्या रेषा दरवर्षी थोड्या फिक्या होत जायच्या. अब्बा ती प्रत कुराणशरीफच्या वरच्या फळीवर नव्हे, पण त्याच कपाटात ठेवायचे.

लोक विचारतात, की तुम्ही बेकायदा जागा घेतलीच कशाला? मंजूर जागा आमच्या पगारात नव्हती, हे एक उत्तर. दुसरं उत्तर कायद्यात आहे. 1976 साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरातल्या मोठ्या जमिनींवर मर्यादा आली. हेतू चांगला होता, जादा जमीन गरिबांच्या घरांना मिळावी हा. व्यवहारात झालं असं, की जमिनीचा मालक सरकारला जमीन देण्याऐवजी तुकडे करून स्टँपपेपरवर विकून मोकळा होऊ लागला. महाराष्ट्रात तो कायदा 2007 साली रद्द झाला. तोवर शेतांची नगरं होऊन गेली होती. कागदावर मात्र ती शेतंच होती : मौजा अमुक, खसरा क्रमांक तमुक. आमच्या बैठकीच्या खोलीत सरकारी दप्तराप्रमाणे तूर पिकत होती.

आणि तरी सांगतो, ती वस्ती मला फार मोलाची वाटते. आमच्या डावीकडे हातमागाचं काम सोडून आलेलं कोष्टी कुटुंब. उजवीकडे रेल्वेतले एक बौद्ध गृहस्थ. समोर दूध घालणारे यादव. मागच्या ओळीत तेली, कुणबी, एक केरळी नर्सबाई. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. समाजसुधारकाचं तर ते काम मुळीच नव्हतं. हप्ते वसूल करणाऱ्याला नावाशी कर्तव्य नव्हतं, शंभर रुपयांशी होतं. पहिली काही वर्षं वीज नव्हती, पाणी एका विहिरीवरून. त्या विहिरीवर आमच्या अम्मीनं मराठी शिकली आणि शेजारच्या कोष्टीणकाकूंनी शिरखुर्मा.

आमच्या गल्लीत भेटल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा. ‘काकाजी, आरएल निंगला का जी?’ आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर, जागा नियमित झाल्याचं पत्र. ते नसलं की नकाशा मंजूर नाही. नकाशा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून घर तुकड्यातुकड्यानं बांधायचं : एका वर्षी जोतं, दोन वर्षांनी भिंती, मुलीच्या लग्नानंतर स्लॅब. नागपूरच्या कडेकडेनं फिरलात तर वर निघालेल्या सळ्यांचं जंगल दिसेल. ती उद्याच्या मजल्याची आशा असते.

2001 साली गुंठेवारीचा कायदा झाला. 1 जानेवारी 2001पर्यंत पडलेले असे प्लॉट शुल्क भरून नियमित करण्याची वाट निघाली. पुढं 2021च्या दुरुस्तीनं ही मुदत 31 डिसेंबर 2020पर्यंत वाढली. अर्ज करायचा, डिमांड नोट आली की पैसे भरायचे, मग आरएल. सांगायला एवढंच. मधल्या काळात प्रन्यास बरखास्त करण्याचाही निर्णय झाला होता. तो काही टिकला नाही. कोणत्या खिडकीत जायचं, हे विचारायला आधी दुसऱ्या खिडकीत जावं लागे.

आमचं आरएल 2009 साली आलं. अब्बा त्याआधी तीन वर्षं गेले होते. पण माझ्या मनात घर करून बसलं ते वेगळंच. ट्रस्टच्या मोजणीदाराला दाखवायला आम्ही जुना नकाशा काढला. त्यात मधोमध एक मोठा चौकोन होता, त्यावर लिहिलेलं होतं, ‘खुली जागा’. ले-आउटच्या दहा टक्के जागा मोकळी ठेवायची, असा नियमच असतो. संस्थेनं नंतर दिलेल्या दुसऱ्या नकाशात त्या चौकोनाचे सहा प्लॉट झाले होते. ते सहा प्लॉट घेणारेही आमच्यासारखेच. त्यातले एक निवृत्त शिपाई, एक विधवा बाई शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. त्यांच्याकडेही गुलाबी पावत्या होत्या, एकही हप्ता चुकलेला नव्हता. आम्हाला पत्र मिळालं, त्यांना नाही. खुल्या जागेवरचं घर नियमित कसं करणार? मैदान हवं म्हणून अर्ज लिहायला वस्तीतली तरुण मुलं माझ्याकडे आली, कारण माझी मराठी चांगली. मी लिहिला नाही. त्या अर्जाचा अर्थ सहा घरं पाडा, असा होता. मुलं रागावली. त्यांचंही चुकत नव्हतं. क्रिकेट ती अजून रस्त्यावरच खेळतात.

आता शहर दुसऱ्या बाजूला धावतं आहे. मिहान प्रकल्पाची कंपनी 2002 साली स्थापन झाली, तेव्हापासून वर्धा रोड म्हणजे सोन्याची खाण. ‘विमानतळापासून पाच मिनिटं’ असं छापून किती लांबच्या जमिनी विकल्या गेल्या याला गणती नाही. ती पाच मिनिटं बहुधा विमानाची असावीत. मग 2019 साली मेट्रो धावू लागली, 2022 साली समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, बेसा-बेलतरोडीकडे बारा-बारा मजले उभे राहिले. 2017पासून महारेराची नोंदणी आली. गिऱ्हाइकाच्या पैशातला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. जाहिरातीतला काळा-पांढरा चौकोन मोबाइलनं टिपला की प्रकल्पाची माहिती समोर येते. ही सोय अब्बांच्या वेळी असती, तर त्या सहा कुटुंबांना खुल्या जागेचे प्लॉट विकणं इतकं सोपं गेलं नसतं. तेव्हा नव्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही.

पण मुलासाठी फ्लॅट बघायला आम्ही गेलो, त्याचं सांगतो. नमुन्याचा फ्लॅट दाखवला, चहा आला, बागेची, तरणतलावाची चित्रं झाली. कागद सगळे चोख. शेवटी फॉर्मवर मुलानं नाव लिहिलं. सेल्समन आत जाऊन आला आणि फार अदबीनं म्हणाला, ‘सर, हा फ्लॅट होल्डवर आहे.’ वरच्या मजल्यावरचा? तोही. दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या ऑफिसातल्या मित्रानं चौकशी केली, त्याला निवड करायला चार फ्लॅट होते. हा एकच अनुभव नाही, आणि एकट्या आमच्या धर्माच्या लोकांचाही नाही. वस्तीतल्या रेल्वेवाल्यांच्या मुलीला आडनावावरून असंच ‘होल्ड’वर ठेवलं होतं. परवानगी नसलेल्या ले-आउटमध्ये आम्हाला कुणी नाव विचारलं नव्हतं. सगळ्या परवानग्या असलेल्या इमारतीत पहिला प्रश्न तोच.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटेचं इथं राहून जाऊ नये. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शहरातल्या चांगल्या वस्त्या. माणसं दगावली, हजारो घरांत चिखल झाला. आमच्या वस्तीतली पोरं तिकडे चिखल उपसायला गेली होती. एकजण येऊन मला म्हणाला, ‘काकाजी, त्यायच्याकडं तर सारे कागद होते जी!’

मुलानं शेवटी बुटीबोरीच्या रस्त्याला एक प्लॉट बघितला आहे. नोंदणी झालेला, नकाशा मंजूर. मी त्याला म्हटलं, इसार देण्याआधी नकाशा हातात घेऊन खुल्या जागेच्या चौकोनावर जाऊन उभा राहा, आणि नाल्याची निळी रेघ आहे तिथं जुलैत एकदा जाऊन ये. तो गेला. चौकोन जागेवर आहे, म्हणाला. नाल्यावर मात्र कुंपणाची भिंत आलेली आहे. इसार अजून दिलेला नाही.